डोंगर फोडून आलेली गाडी

[ड्रोन : पानवलचा पूल, रत्नागिरी]

कोकण रेल्वेच्या या पुलाचे खांब वीस मजली इमारतीएवढे. उंची 64 मीटर. खाली दरी, नदी. इथं मचाण उभारून काम करणं अशक्य होतं, म्हणून पुलाचा माथा एका टोकाला टप्प्याटप्प्यानं ओतला आणि जॅकनं इंच-इंच पुढे सरकवला, एका खांबावरून दुसऱ्यावर.

[जुनी छायाचित्रं : बोगद्यांचं काम]

1990 साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. सूत्रं ई. श्रीधरन यांच्याकडे. केंद्र आणि चार राज्यांनी भांडवल घातलं, उरलेला पैसा रोखे विकून बाजारातून उभा केला. एवढं कर्ज कशाला, असं तेव्हाही विचारलं गेलं. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटर, नव्वदहून जास्त बोगदे. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. पण कातळापेक्षा जास्त छळलं ते मऊ मातीनं. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात खणावं तेवढी ओली माती पुन्हा आत यायची. हाच बोगदा शेवटपर्यंत अडून राहिला. 26 जानेवारी 1998 ला सलग मार्ग खुला झाला. या कामात जीव गमावलेल्या कामगारांचं स्मारक रत्नागिरी स्थानकावर आहे.

[कोलाड : मालगाडीवर चढणारे ट्रक]

आणि हे बघा. भरलेले ट्रक गाडीवर चढतात आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतात. घाटातलं डिझेल वाचतं, टायर वाचतात, चालकाला झोप मिळते. 1999 पासून ही रो-रो सेवा चालू आहे. एकदा घातलेला पैसा असा वर्षानुवर्षं परत येत राहतो. मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरवर जगणाऱ्या कोकणाला त्यामुळे स्वतःचा बाजार गाठता आला.

जमिनी गेल्या, त्या हजारो शेतकऱ्यांच्या. 2003 मध्ये वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली, पन्नासहून अधिक माणसं गेली. पावसाळ्यात गाड्या आजही वेग कमी करून धावतात.

[क्रॉसिंगला थांबलेली पॅसेंजर]

2022 मध्ये विद्युतीकरण पूर्ण झालं. दुहेरी मार्ग मात्र रोह्यापासून रायगड जिल्ह्यातल्याच वीरपर्यंत आला आहे. पुढे एकच रूळ, त्यामुळे समोरची गाडी जाईपर्यंत ही अशी थांबते. गणपतीत जादा गाड्या सोडल्या तरी त्यांना वाट द्यायला रूळ नाही. दुसरा मार्ग सावंतवाडीपर्यंत तरी आता व्हायलाच हवा.