पान फाडून पाठवणारे वाचक

श्रोतेहो, नमस्कार.

2006 साली अमेरिकेतल्या एका बड्या प्रकाशकाने एका पुस्तकाचे पैसे वाचकांना परत द्यायचं कबूल केलं. त्यासाठीच्या अटी ऐकण्यासारख्या आहेत. पुठ्ठा बांधणीची प्रत असेल तर तिच्यातलं 163 क्रमांकाचं पान फाडून पाठवायचं. पेपरबॅक असेल तर मुखपृष्ठ फाडायचं, ऑडिओबुक असेल तर वेष्टनाचा तुकडा. खरेदी 26 जानेवारी 2006 पर्यंतची हवी. आणि सोबत शपथेवर लिहून द्यायचं, की यातला मजकूर पूर्ण खरा नाही हे आधी कळलं असतं तर मी हे पुस्तक घेतलंच नसतं.

पुस्तक होतं जेम्स फ्रे यांचं ‘अ मिलियन लिटल पीसेस’, प्रकाशक रँडम हाउस. व्यसनाच्या गर्तेतून बाहेर पडलेल्या तरुणाचं आत्मकथन म्हणून ते 2003 मध्ये आलं, आणि वाद पेटला तोवर 35 लाखांहून जास्त प्रती खपल्या होत्या. नोव्हेंबर 2007 मध्ये वाचकांनी लावलेल्या सामूहिक दाव्यातली तडजोड न्यायालयाने मंजूर केली तेव्हा परतफेडीचा हिशेब बाहेर आला. पैसे मागणारे वाचक किती? 1,729. या सगळ्यांना मिळून मिळाले 27,348 डॉलर, म्हणजे माणशी सरासरी पावणेसोळा डॉलरच्या आसपास. पेपरबॅकची छापील किंमत होती 14 डॉलर 95 सेंट आणि पुठ्ठा बांधणीची 23 डॉलर 95 सेंट. तेव्हा फाडली गेली ती बहुतेक मुखपृष्ठंच, पान 163 थोड्यांनीच फाडलं, हे सरासरीवरूनच दिसतं. वकिलांच्या फीवर आणि जाहिरातींवर गेलेली रक्कम या परतफेडीच्या कितीतरी पट होती.

दोन हजार प्रतींमागे एक वाचक. यावरून ‘लोकांना खोटं चालतं’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. तो घाईचा आहे. पंधरा डॉलरसाठी शपथपत्र, टपाल आणि हातातलं पुस्तक विद्रूप करणं, एवढा खटाटोप बहुतेक लोक करत नाहीत. कित्येकांनी प्रत मित्राला देऊन टाकलेली असते किंवा ग्रंथालयातूनच वाचलेली असते. पण खरी मेख शपथेत होती. ‘मी हे घेतलंच नसतं’ असं प्रामाणिकपणे किती जणांना म्हणता येईल? संताप आलेला आणि तरीही त्या पुस्तकाने कधीतरी रात्रभर जागवलेला वाचक या वाक्याखाली सही करू शकत नाही. फॉर्ममध्ये त्याच्यासाठी रकानाच नव्हता.

अशा वादांत वाचक किती चिडतील हे खोटेपणाच्या आकारावर ठरत नाही. पुस्तकाच्या भरवशावर आपण काय करून बसलो, यावर ते ठरतं. फक्त चार संध्याकाळी घातल्या असतील तर माणूस खांदे उडवतो. स्वतःच्या आजाराविषयीची आशा किंवा पदरचे पैसे घातले असतील तर तो विसरत नाही.

फ्रे यांचंच उदाहरण घ्या. सप्टेंबर 2005 मध्ये अमेरिकन टीव्हीवरच्या लोकप्रिय निवेदिका ओप्रा विन्फ्री यांनी आपल्या बुक क्लबसाठी हे पुस्तक निवडलं. ‘द स्मोकिंग गन’ नावाचं एक संकेतस्थळ आहे. नामवंतांचे पोलिसांनी काढलेले फोटो जमवणं हा त्यांचा जुना उद्योग. पुस्तकभर अटका आणि तुरुंग असलेल्या लेखकाचा एकतरी फोटो मिळेल म्हणून त्यांनी शोध सुरू केला, तो मिळेना, म्हणून कागद मागवले. 8 जानेवारी 2006 ला त्यांचा लेख आला. पुस्तकात ओहायोमध्ये पोलिसाला गाडीची धडक, मग झटापट, गंभीर आरोप आणि पुढे 87 दिवसांचा तुरुंगवास. कागदांत काय होतं? ग्रॅनव्हिल या लहान गावात 1992 साली दारू पिऊन गाडीचं चाक फुटपाथच्या कडेवर चढवलं, गाडीत बिअरची उघडी बाटली, काही तास ठाण्यात, 733 डॉलरचा जामीन आणि सुटका. मिशिगनमध्ये रेल्वेखाली गाडी सापडून दोन मुली खरोखर गेल्या होत्या. त्या अपघाताच्या कथेतही लेखकाने स्वतःला ओढून घेतलं होतं.

यात शोध घेणाऱ्याचं कसब फार नव्हतं. गावाचं पोलिस ठाणं, जिल्ह्याचं न्यायालय आणि जुनी वर्तमानपत्रं एवढाच रस्ता होता. तुरुंगवास, खटला, अपघात, घराची जप्ती, नोकरी, पदवी यांची सरकारदरबारी नोंद होते. आईशी झालेलं बोलणं, मनातली भीती, खोलीतला अंधार यांची होत नाही. म्हणून आत्मकथन तपासायचं तर सुरुवात नेहमी नोंद होणाऱ्या गोष्टींपासून करतात. तिथे लेखक खरा उतरला तर बाकीच्यावर विश्वास ठेवायला आधार मिळतो.

11 जानेवारीला फ्रे लॅरी किंग यांच्या टीव्हीवरच्या मुलाखतीच्या कार्यक्रमात बसले असताना ओप्रांनी फोन करून त्यांची बाजू घेतली. पुस्तकातला उद्धाराचा संदेश आपल्याला अजूनही भिडतो, असा त्यांचा सूर होता. वाचकांनी त्यांच्यावरच पत्रांचा भडिमार केला. 26 जानेवारीला त्यांनी फ्रे आणि संपादिका नॅन टॅलिस यांना स्वतःच्या कार्यक्रमात बसवलं, आपली फसवणूक झाली असं तोंडावर सांगितलं, आणि सत्याला महत्त्व नाही असा समज आपल्या फोनमुळे झाला याबद्दल प्रेक्षकांची माफी मागितली. पंधरा दिवसांत एवढ्या बलाढ्य बाईंना वाचकांनी भूमिका बदलायला लावली. आमच्या मते परतफेडीच्या आकड्यापेक्षा हे मोजमाप जास्त बोलकं आहे.

सगळ्यात तीव्र प्रतिक्रिया व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातून आली, आणि ती योग्य होती. या पुस्तकाचा नायक व्यसनमुक्ती गटांची बारा पायऱ्यांची पद्धत नाकारतो आणि केवळ मनाच्या जोरावर सुटतो. दाताचं रूट कॅनालसुद्धा बधिर करायचं इंजेक्शन न घेता करून घेतो. कादंबरीत हे शौर्य म्हणून वाचून सोडता येतं. पण ‘हे माझ्यासोबत घडलं’ म्हटलं की उपचार सोडू पाहणाऱ्या रुग्णाच्या हातात ते प्रमाणपत्र होतं.

मग प्रकाशक काय तपासतात, असा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर निराश करणारं आहे. मजकूर खरा असल्याची हमी लेखक करारात देतो. वकील हस्तलिखित वाचतात ते मुख्यतः बदनामी, खासगीपणाचा भंग आणि हक्कांचे प्रश्न यांसाठी, म्हणजे प्रकाशकावर दावा होईल का एवढ्यासाठी. कोर्टाचे कागद मागवून प्रत्येक प्रसंग ताडून पाहणं पुस्तकव्यवसायात सहसा होत नाही. काही मासिकांत असतो तसा वेगळा तपासनीस इथे नसतो.

2025 च्या जुलैत ब्रिटनमध्ये हेच पुन्हा दिसलं. रेनर विन यांचं ‘द सॉल्ट पाथ’ 2018 मध्ये आलं. वेल्समधलं घर गेलेलं आणि नवऱ्याला मेंदूचा असाध्य आजार झालेला, अशा अवस्थेत हे जोडपं इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याची 630 मैलांची वाट चालायला निघतं, अशी ती हकिगत. वीस लाखांहून जास्त खप, वर चित्रपट. ‘द ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्राने लेख छापून घर कसं गेलं याच्या हकिगतीवर आणि आजाराच्या स्वरूपावर शंका घेतली. विन यांनी तो लेख दिशाभूल करणारा आहे असं म्हणत आरोप नाकारले आणि आजाराचा उल्लेख असलेली डॉक्टरांची पत्रं प्रसिद्ध केली. प्रकाशक पेंग्विनने करारातली हमी आणि वकिली वाचन या दोन गोष्टींकडे बोट दाखवलं. वर सांगितलेल्याच त्या दोन गोष्टी. पूर्वी या जोडप्यासोबत काम करणाऱ्या रुग्णसंस्थेने मात्र संबंध तोडले.

या आजाराचं नाव कॉर्टिकोबेसल सिंड्रोम. लक्षणं दिसू लागल्यापासून साधारण सहा ते आठ वर्षं हा नेहमी सांगितला जाणारा काळ, आणि इथे निदानालाच बारा वर्षं होत आली होती. शंका आली ती यामुळे. पण इथे वाचकाने जपून चालावं. माणूस जिवंत असताना हे निदान लक्षणांवरून आणि स्कॅनवरून अंदाजानेच होतं, पक्कं कळतं ते मृत्यूनंतर मेंदू तपासल्यावर. एकाच लक्षणसमूहामागे वेगवेगळे आजार असू शकतात आणि त्यांचा वेगही वेगळा असतो. म्हणजे दीर्घ आयुष्य हा खोटेपणाचा पुरावा होत नाही, आणि चालण्याने आजार हटतो याचा पुरावा तर मुळीच होत नाही. चालणं हा चमत्कारी उपाय आहे असं आपण सुचवलं नव्हतं, असं विन सांगतात. पण घरात हाच आजार असलेल्या माणसाने पुस्तकातून काय घेतलं असेल, हे लेखिकेच्या हाती कुठे राहतं?

पैशाचं उदाहरण ग्रेग मॉर्टेन्सन यांचं. ‘थ्री कप्स ऑफ टी’मधली मूळ कथा अशी, की 1993 मध्ये के-टू शिखराची मोहीम फसली, वाट चुकून ते पाकिस्तानातल्या बाल्टिस्तानमधल्या कोर्फे गावी पोचले, गावकऱ्यांनी सांभाळलं आणि त्यांनी शाळेचं वचन दिलं. शाळा बांधणाऱ्या त्यांच्या संस्थेसाठी अमेरिकेतली शाळकरी मुलं एकेक सेंटचं नाणं गोळा करत. ओबामांनी नोबेलच्या रकमेतले एक लाख डॉलर दिले. एप्रिल 2011 मध्ये सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ने कोर्फेची कथा आणि वझिरिस्तानात आपलं अपहरण झालं ही त्यांनी सांगितलेली कथा, दोन्हींवर प्रश्न उभे केले. काही प्रसंगांचा काळ आपण आखडून लिहिला, हे मॉर्टेन्सन यांनी मान्य केलं. लेखक जॉन क्रॅकावर यांनी सविस्तर पुस्तिका लिहिली, आणि त्यांनी स्वतः या संस्थेला 75,000 डॉलर दिले होते. पदरचे पैसे घातलेला वाचक असा मुळापर्यंत जातो.

वाचकांनी इथेही सामूहिक दावा लावला, पण तो 2012 मध्ये अमेरिकेच्या माँटाना राज्यातल्या संघीय न्यायालयाने फेटाळला आणि अपिलातही तेच झालं. त्याच वर्षी माँटानाच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या चौकशीनंतर मॉर्टेन्सन यांना संस्थेला सुमारे दहा लाख डॉलर भरून द्यावे लागले. फरक कुठे पडला? चौकशी पुस्तक खरं की खोटं याची नव्हतीच, संस्थेच्या हिशेबवह्यांची होती. तेव्हा आत्मकथन वाचून देणगी द्यायची असेल तर पुस्तक बाजूला ठेवून संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल मागवावा. पुस्तकांच्या प्रती विकत घेण्यावर आणि लेखकाच्या प्रवासावर संस्था किती खर्च करते आणि पुस्तकाचं मानधन कुणाकडे जातं, या ओळी आधी बघाव्यात.

एखाद्या आवडत्या पुस्तकावर बालंट आलं तर काय करावं? आरोपाचं शीर्षक सोडून मूळ लेख वाचावा आणि त्यात कागद किती आणि ‘ओळखीच्यांच्या मते’ किती, हे वेगळं करावं. छापण्यापूर्वी लेखकाला विचारलं होतं का, तेही बघावं. लेखकाचं उत्तर वाचताना त्याने काय नाकारलंय यापेक्षा कशावर तो गप्प आहे ते टिपावं. नावं बदलणं, दोन माणसांचं एक पात्र करणं, संवाद आठवणीने रचणं, एवढी मोकळीक बहुतेक वाचक देतात, ती सुरुवातीलाच सांगितलेली असली तर. न घडलेली घटना घुसडणं यात बसत नाही. ‘अ मिलियन लिटल पीसेस’ आधी कादंबरी म्हणून प्रकाशकांकडे फिरलं होतं, असं फ्रे यांनीच सांगितलं. मराठीत ‘आत्मचरित्रात्मक कादंबरी’ असं मुखपृष्ठावर छापायची वहिवाट आहे, तेवढं केलं असतं तर कुणाला पान फाडावं लागलं नसतं. पण मग खप एवढा झाला असता का, हा प्रश्न प्रकाशकाला विचारायचा.

फ्रे यांच्या पुस्तकाच्या नंतरच्या छपायांत लेखकाचं आणि प्रकाशकाचं निवेदन जोडलेलं आहे, आधीच्या लाखो प्रतींत ते नाही. जुन्या बाजारात किंवा ग्रंथालयात प्रत हाती आली तर आधी ती पानं आहेत का ते पाहा. नसतील तर ग्रंथपालांना सांगून आतल्या पानावर दोन ओळींची चिठ्ठी चिकटवून घ्या.

नमस्कार.