पहिल्या उड्डाणाआधीची पेटी

श्रोतेहो, नमस्कार.

मी आज तुमच्याशी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, ती थर्माकोलची एक साधी पांढरी पेटी आहे. बुटांच्या खोक्यापेक्षा ती थोडी लहान आहे, तिच्या भिंती तीन सेंटिमीटर जाड आहेत आणि आतल्या सामानासकट तिचे वजन एक किलोच्या आतच भरते. गेले काही महिने माझा सगळा फावला वेळ या पेटीने घेतला आहे. लवकरच ती एका मोठ्या रबरी फुग्याखाली बांधली जाईल, सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगाने वर चढू लागेल आणि सर्व काही मनासारखे झाले तर पावणेदोन तासांच्या आत ३० किलोमीटर उंचीवर पोहोचेल. जमिनीवर दोन मीटर व्यासाचा असलेला फुगा तिथे जवळजवळ आठ मीटरांचा झालेला असेल. रबर आणखी ताणले गेले की तो फुटेल आणि पेटी पॅराशूटच्या आधाराने खाली येईल.

या पेटीचे हे पहिलेच उड्डाण आहे. दोरी एकदा हातातून सुटली की तिला पुन्हा हात लावता येणार नाही. एखादी तार निसटली, एखादा आकडा चुकला, तरी जमिनीवरून पाहत राहण्यापलीकडे आपल्या हाती काही उरणार नाही. म्हणूनच मला आज उड्डाणाबद्दल फार बोलायचे नाही. मला बोलायचे आहे ते त्याआधीच्या तयारीबद्दल.

वर नेमके काय वाढून ठेवलेले आहे, ते आधी पाहू. साडेपाच किलोमीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या निम्मा होतो आणि ३० किलोमीटरवर तो सुमारे एक टक्का उरतो. तापमान आधी घसरत जाते. बऱ्याच ठिकाणी ते उणे ५० ते उणे ६० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि उष्ण कटिबंधात, साधारण १७ किलोमीटर उंचीवर, उणे ८० अंशांच्याही आसपास जाते. त्यानंतर मात्र ते पुन्हा वाढू लागते, कारण तिथला ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषून घेतो. हवेचा हा वरचा थर प्रथम ओळखला गेला तो माणसांशिवाय सोडलेल्या फुग्यांमुळेच. लेओं तेसरँ द बोर या फ्रेंच हवामानशास्त्रज्ञाने दोनशेहून अधिक फुगे वर पाठवले आणि १९०२ मध्ये आपले निष्कर्ष जाहीर केले. त्याच वर्षी जर्मनीत रिखार्ड आसमान यांनीही तेच सांगितले. तेसरँ द बोर यांची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ठरावीक उंचीनंतर तापमान घसरायचे थांबते, हे दिसल्यावर त्यांनी आधी स्वतःच्या उपकरणावर संशय घेतला. उन्हाने तापमापक तापत असेल, असे मनात आल्यावर त्यांनी रात्री फुगे सोडून पाहिले. माझ्या पेटीचा बाहेरचा तापमापक मी पेटीपासून दूर, सावली देणाऱ्या पांढऱ्या नळीत बसवला आहे, तो याच कारणासाठी.

त्या काळी उपकरण परत सापडले तरच नोंदी हाती लागत. ती अडचण रेडिओने दूर केली. फ्रान्समध्ये रोबेर ब्यूरो यांनी १९२९ च्या जानेवारीत आणि रशियात पावेल मोल्चानोव यांनी १९३० च्या जानेवारीत असे उपकरण उडवले, जे वर जाता जाता आपली मोजमापे रेडिओवरून खाली कळवत होते. माझी पेटी त्याच घराण्यातली आहे.

पहिल्या पेटीत काय काय ठेवावे, याबद्दल माझे मत आता ठाम झाले आहे. सुरुवातीला माझ्या यादीत दोन कॅमेरे होते, किरणोत्सार मोजण्याची नळी होती आणि आर्द्रतामापकही होता. हळूहळू मी एकेक वस्तू काढत गेले. पहिल्या उड्डाणात पेटीने एकच काम चोख करावे: आपण कुठे आहोत, हे खाली उतरेपर्यंत न चुकता सांगत राहावे. ते जमले तर पेटी परत मिळते आणि दुसरे उड्डाण शक्य होते. ते जमले नाही तर उत्तम कॅमेऱ्याने काढलेली उत्तम छायाचित्रेही एखाद्या शेतात किंवा झाडाच्या शेंड्यावर पडून राहतात. कॅमेरा मी अखेर एकच ठेवला आहे, तोही स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, म्हणजे तो बंद पडला तरी बाकीच्या यंत्रणेला त्याची झळ लागणार नाही.

स्थान सांगण्याचे काम जीपीएसचे. पहिला खड्डा इथेच आहे. अस्त्रांमध्ये वापर होऊ नये म्हणून बऱ्याच जीपीएस ग्राहकांवर, म्हणजे उपग्रहांचे संकेत पकडून स्थान काढणाऱ्या यंत्रांवर, १८ किलोमीटर उंचीची आणि १,००० नॉट (ताशी सुमारे १,८५० किलोमीटर) वेगाची मर्यादा घातलेली असते. या दोन्ही मर्यादा एकाच वेळी ओलांडल्या तरच काही ग्राहक थांबतात, तर काही नुसती उंची ओलांडली तरी मुके होतात. शिवाय अनेक ग्राहक कारखान्यातून येताना जमिनीवरच्या वापरासाठी जुळवलेले असतात. माझ्याजवळचा ग्राहक तसाच, १२ किलोमीटरच्या वर गप्प होणारा होता. त्याला सुरुवातीलाच हवाई वापराची आज्ञा द्यावी लागते. मग तो ५० किलोमीटरपर्यंत काम करतो. मात्र वीज गेली की ही आज्ञा तो विसरतो. उड्डाणात क्षणभर जरी बॅटरीचा संपर्क तुटला, तरी तो पुन्हा जमिनीवरचा होऊन बसेल. त्यामुळे माझा प्रोग्रॅम ही आज्ञा एकदा देऊन थांबत नाही. तो दर मिनिटाला ग्राहकाला विचारतो की तू कोणत्या अवस्थेत आहेस, आणि उत्तर चुकीचे आले तर पुन्हा आज्ञा देतो.

दुसरा खड्डा मी स्वतःच खणला होता. पेटी दर काही सेकंदांनी एक ओळ पाठवते. तिच्यात क्रमांक, वेळ, अक्षांश, रेखांश, उंची, तापमान आणि बॅटरीचा विद्युतदाब असतो, आणि शेवटी ओळ वाटेत बिघडली का हे ओळखण्यासाठी पडताळणीचा अंक असतो. एका सकाळी पेटी हातात घेऊन मी मोकळ्या मैदानावर चालत होते आणि येणाऱ्या ओळी नकाशावर उमटत होत्या. मैदानाच्या मध्यावर आल्यावर माझा ठिपका एका पावलात जवळजवळ १०० किलोमीटर दूर जाऊन पडला. मी मागे आले, ठिपका परत आला. पुढे गेले, पुन्हा दूर. विशेष म्हणजे प्रत्येक ओळीचा पडताळणी अंक अगदी बरोबर होता. घरी येऊन ओळी एकेक अक्षर वाचत गेले, तेव्हा उलगडा झाला. प्रोग्रॅम अंश आणि दशांश चिन्हानंतरचा भाग वेगवेगळा लिहीत होता, आणि त्या भागाच्या सुरुवातीचे शून्य गिळत होता. दशांश चिन्हानंतर १०००३ असेपर्यंत सगळे ठीक होते. पण ०९९९८ झाले की तो ९९९८ लिहून मोकळा होत असे. पडताळणीचा अंक चुकीच्या ओळीवरूनच काढलेला असल्यामुळे तो बरोबर येणारच; तो वाटेतला बिघाड पकडतो, उगमातला नाही. माझे मैदान योगायोगाने त्या सीमारेषेवर नसते, तर हा दोष मला जमिनीवर कधीच दिसला नसता. उड्डाणात मात्र पेटीने अशी रेषा नक्कीच ओलांडली असती आणि आम्ही तिला भलत्याच मुलखात शोधत फिरलो असतो. त्यानंतर मी प्रोग्रॅमला हाताने बनवलेली शेकडो स्थाने खाऊ घातली: शून्याने सुरू होणारी, विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंची, आणि शून्य व उणे एक अंश यांच्या मधली, जिथे उणे चिन्हच हरवण्याचा धोका असतो.

आता थंडीकडे येते. साध्या अल्कलाइन बॅटऱ्या गारठ्यात लवकर मान टाकतात. म्हणून मी एकदाच वापरायच्या लिथियमच्या बॅटऱ्या घेतल्या, ज्या उणे ४० अंशांपर्यंत काम करतात आणि वजनालाही हलक्या असतात. पेटी चालू करून मी ती घरच्या फ्रीझरमध्ये, म्हणजे सुमारे उणे १८ अंशांत, तीन तास ठेवली. ओळी सुरळीत येत होत्या आणि मी समाधानात होते. पण पेटी उघडून पाहते तो अँटेनाचा बुंधा पकडून ठेवणारा गरम गोंदाचा गोळा अखंडच्या अखंड निखळून पडला होता. त्याच्या तळाला प्लॅस्टिकची गुळगुळीत छाप उमटलेली होती, जणू तो कधी चिकटलाच नव्हता. थंडीत असा गोंद कडक होतो आणि पृष्ठभागापासून सुटतो. तेव्हापासून पेटीतली कोणतीही वस्तू नुसत्या गोंदाच्या भरवशावर ठेवलेली नाही; प्रत्येक वस्तू दोऱ्याने शिवलेली किंवा स्क्रूने आवळलेली आहे. पुढची चाचणी मी सुक्या बर्फात घेतली, जो उणे ७८ अंशांना असतो. ही चाचणी करणाऱ्याने खोलीत हवा खेळती ठेवावी आणि सुका बर्फ कधीही घट्ट बंद भांड्यात ठेवू नये, कारण त्याचा सतत कार्बन डायऑक्साइड वायू होत असतो.

थंडीची भीती सगळ्यांनाच असते, उष्णतेची कुणालाच वाटत नाही. पण विरळ हवेत उष्णता वाहून नेणारे कुणी उरत नाही. जमिनीवर कोमट राहणारा ट्रान्समीटर ३० किलोमीटरवर, बाहेर कडाक्याची थंडी असतानाही, आतल्या आत तापू शकतो. त्याच्या पाठीला मी ॲल्युमिनियमची एक पट्टी लावली आहे आणि त्याची शक्ती मोजकी ठेवली आहे. त्या उंचीवरून क्षितिज सुमारे ६०० किलोमीटर दूर असते आणि वाटेत डोंगर किंवा इमारतीचा अडथळा नसतो. म्हणून १० मिलिवॅटचा क्षीण संदेशही शेकडो किलोमीटरवर ऐकू येतो. खरी अडचण शेवटच्या काही शे मीटरांत येते. पेटी टेकडीआड गेली की संदेश तुटतो आणि हाती राहते ती शेवटची ओळ. जमिनीवर उतरल्यावर वाजत राहणारी एक छोटी शिट्टी पेटीला लावली आहे, ती याचसाठी.

पॅराशूटचा हिशेब सोपा आहे: एक किलो वजन सेकंदाला पाच मीटर वेगाने जमिनीवर उतरवायचे, तर साधारण एक मीटर व्यासाची छत्री लागते. मात्र फुगा फुटताक्षणी हवा इतकी विरळ असते की हीच छत्री सेकंदाला ४० मीटरच्या आसपास वेगाने कोसळते आणि पेटी वेड्यासारखी गरगरते. दोरीत भिंगरी, म्हणजे पीळ न पडता फिरू देणारी कडी, बसवली नाही, तर सगळे दोर एकमेकांना पीळ देऊन छत्री मिटवतात. दोरी फार मजबूतही नको. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत चार किलोपेक्षा कमी भार नेणारा फुगा हलका मानला जातो. पण तोडायला २३० न्यूटन किंवा त्याहून अधिक जोर लागणारी दोरी वापरली तर तोच फुगा जड वर्गात जातो. विमानाला दोरी आदळली तर दोरीने तुटावे, हा त्यामागचा विचार आहे आणि तो मला मनापासून पटतो. आकाश आपल्या एकट्याचे नाही. उड्डाणाची परवानगी आणि रेडिओ वापरण्याचा परवाना या दोन गोष्टी हातात आल्याशिवाय वायूची टाकी उघडायची नाही, हे मी पहिल्या दिवशीच ठरवले होते.

गेल्या आठवड्यात रंगीत तालीम झाली. पेटी पूर्ण बांधून, दोरी, भिंगरी आणि छत्रीसकट, मी ती रात्रभर उघड्यावर टांगून ठेवली आणि बॅटरी संपेपर्यंत ओळी मोजत बसले. त्या रात्री माझ्या मैत्रिणीने यादी मोठ्याने वाचायची आणि मी प्रत्येक कामाला हात लावूनच ‘झाले’ म्हणायचे, अशी आमची पद्धत ठरली. तरीही कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड संगणकातच राहिल्याचे पहाटे लक्षात आले. आता यादीत त्याची स्वतंत्र ओळ आहे.

पेटीच्या एका बाजूला मी मोठ्या अक्षरांत लिहिले आहे की आत धोकादायक काही नाही, ही हवेचा अभ्यास करणारी पेटी आहे, आणि खाली संपर्काचा क्रमांक दिला आहे. झाकण अजून चिकटवलेले नाही. उड्डाणाच्या सकाळी जीपीएसची अवस्था शेवटची विचारून घेईन, कार्ड बसवेन, झाकणाभोवती टेप फिरवेन आणि त्यानंतर पेटी पुन्हा एकदा तराजूवर ठेवेन. फुग्यात वायू किती भरायचा, हे त्या अखेरच्या वजनावरच ठरणार आहे, आणि टेपचेही काही ग्रॅम भरतात.

नमस्कार.