पापडम नावाचा बोकड

नमस्कार श्रोतेहो. डीएनएचे तुकडे जुळवून देणाऱ्या सिअॅटलच्या फेज जिनोमिक्स कंपनीची २०१७-१८ची कामगिरी सांगायची, तर सुरुवात बोकडापासूनच करायला हवी. बोकडाचं नाव पापडम! आपल्याकडे नुसता पापड. तो 'म' दक्षिणेकडचा.

पापडम सान क्लेमेंटे जातीचा. कॅलिफोर्नियाजवळच्या बेटावरून आलेली ही जात, संख्येनं थोडी, आपसातच वाढलेली. अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांना शेळीचा जनुकसंच, म्हणजे डीएनएमधला सगळा मजकूर, तुकड्यातुकड्यांनी वाचून जुळवायचा होता. त्यासाठी नेमकं तेच हवं होतं. आईची प्रत आणि बापाची प्रत जवळपास सारखी असली, की तुकडे जुळवणारा संगणक गोंधळत नाही. नाहीतर एकाच जागेच्या दोन प्रती तो वेगळ्या समजतो आणि जनुकसंच उगाच फुगतो.

शेळीचा जनुकसंच सुमारे २९० कोटी अक्षरांचा. यंत्रानं हजारो अक्षरांचे तुकडे वाचले, एकमेकांवर चढणारी टोकं पाहून ते सांधले. पण कोणता तुकडा कोणत्या गुणसूत्रातला? इथे कंपनीची हाय-सी पद्धत कामी आली. पेशी अखंड असतानाच सुमारे १ टक्का फॉर्मल्डिहाइडमध्ये ठेवायच्या, म्हणजे जवळजवळचा डीएनए जागीच बांधला जातो. मग तो विकरानं, म्हणजे एन्झाइमनं कापायचा, शेजारची टोकं जोडायची आणि त्या जोड्या वाचायच्या. ज्या तुकड्यांत जोड्या जास्त, ते एकाच गुणसूत्रावरचे. पुन्हा सांगतो: आधी बांधायचं, मग कापायचं. फॉर्मल्डिहाइड जास्त झालं तर विकराला कापायला जागाच मिळत नाही. कमी पडलं, तर बांधलेलं सुटतं आणि भलत्याच टोकांची लग्नं लागतात. छोट्या तुकड्यांना जोड्याच कमी मिळतात, त्यामुळे ते उलटे बसतात. म्हणून ऑप्टिकल मॅपची, म्हणजे लांब डीएनएवरच्या खुणांच्या नकाशाचीही जोड घेतली होती.

२०१७ साली निकाल छापून आला. गुणसूत्राएवढे लांब तुकडे आणि मध्ये भोकं फक्त ६४९! शेळीच्या आधीच्या जनुकसंचापेक्षा सलगपणा सुमारे ४०० पट. आपल्या उस्मानाबादी शेळीचा जनुकसंच असा कधी जुळला, तर त्या शेळीला 'ठेचा' म्हणावं, एवढीच आपली सूचना.

आता पोटातले जीव. तिथे कितीतरी जिवाणूंच्या डीएनएचे तुकडे एकत्र मिसळतात. देवळाबाहेर चपलांचा ढीग असतो ना? आत जाण्याआधी प्रत्येकानं आपली जोडी दोऱ्यानं बांधली असती, तर शोधाशोध झाली नसती. तसंच इथे. एका जिवाणूच्या पेशीतला डीएनए पेशी फुटण्याआधीच बांधायचा. २०१८ साली ४३ स्कॉटिश गुरांच्या कोठीपोटातून, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यातून, ९१३ सूक्ष्मजीवांचे कच्चे जनुकसंच जुळवले गेले. बहुतेक नेहमीच्या पद्धतीनं, काही हाय-सीनं. असले आकडे ऐकताना कोणते कशानं मिळाले, हे विचारावंच; नुसत्या मोठ्या आकड्याला भुलू नये.

हाय-सीचा खरा फायदा प्लाझ्मिडला, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कडीला. जिवाणूनं औषधाला दाद देऊ नये असं करणारं जनुक अनेकदा या कडीवर बसलेलं असतं, आणि ती कडी कोणत्या जिवाणूची, हे एरवी कळत नाही. एकाच पेशीत बांधली गेली, की मालक सापडतो. मात्र नमुना गोठवून, वितळवून, पुन्हा गोठवला की पेशी फुटतात, डीएनए बाहेर सांडतो. त्यानंतर कितीही बांधा, चपला अदलाबदल झालेल्याच असतात.