साखळी, आणा आणि प्रोटॉन

(नाशिकमधील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय ‘फर्मी ते साखळी: लांबीच्या एककांचं रूपांतर’. त्यावर येतोच. त्याआधी आमच्या बांधाचं ऐका.

आपल्याकडची जमीन मोजायची जुनी साखळी तेहतीस फुटांची आणि तिचे आणे सोळा. म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंच. साखळी गुणिले साखळी म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. समोर बसलेल्या निम्म्या मंडळींना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण आमच्या पुतण्याला नाही. आजोबांच्या कागदावर ‘चार साखळ्या सहा आणे’ वाचून तो म्हणाला, “काका, सदतीस पैशांसाठी भांडताय?” या एका आण्याने आपल्याकडे काय काय केलंय! रुपयात आणा, हिश्शात आणा, पिकाची आणेवारी, आणि बांधावरही आणा.

तर माळ्यावरची लोखंडी साखळी काढली. मी भौतिकशास्त्राचा मास्तर, मोजमापाचा अधिकार माझाच. कोपऱ्याच्या दगडापासून बांधापर्यंत मोजलं, तर भरलं चार साखळ्या पाच आणे. एक आणा गायब! चुलतभावाने बांध कोरला, असं मी चार माणसांत बोललो. दोन वर्षं आमचं बोलणं बंद. दिवाळीचा फराळसुद्धा पोराच्या हातून जायचा, तोही झाकून.

मग एकदा, द्राक्षाच्या मांडवाच्या तारा मोजताना, पोलादी टेप साखळीशेजारी पडली. साखळी भरली तेहतीस फूट सहा इंच! कड्या घासून घासून भोकं मोठी होतात, दुवे ओढले जातात, साखळी लांबते. आणि लांबलेल्या साखळीने मोजलं की जमीन कमी भरते. बांध जागच्या जागी होता. (हशा) हसा. चुलतभाऊ तिसऱ्या रांगेत बसलाय, तोही हसतोय.

आता विज्ञानाकडे. चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणे. पण पांडवलेण्यांत न डोकावता नाशिकच्या माणसाने जमिनीबद्दल बोलू नये. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने भिक्षूंना दोनशे निवर्तनं शेत दिल्याचं कोरलंय. पुढच्याच लेखात, ते शेत कोणी कसत नाही, गाव ओस आहे, म्हणून नगराच्या सीमेवरची शंभर निवर्तनं. अदलाबदलीत निम्मी गेली! निवर्तन केवढं? भास्कराचार्य बाराव्या शतकात सांगतात, दहा हातांचा वंश, वीस वंशांची बाजू. हात दीड फुटाचा धरा, तर बाजू तीनशे फूट, म्हणजे दोन एकरांच्या किंचित वर. पण सातवाहनांचा हात दीड फुटाचाच होता, हे कोणी सांगावं? शिवकालीन काठी पाच हात पाच मुठींची, तर तिथला हात चौदा तसूंचा, तसू म्हणजे इंचाच्या आसपासचं जुनं माप. माझं म्हणणं एवढंच आहे: रूपांतर सोपं असतं, हात कोणाचा ते ठरवणं अवघड.

पाच मिनिटं. फर्मी म्हणजे १०⁻¹⁵ मीटर. साखळी १०.०५८४ मीटर, म्हणजे साधारण १०¹⁶ फर्मी. भास्कराचार्यांच्या मोजणीत या संख्येला ‘मध्य’ म्हणतात. एक साखळी, एक मध्य फर्मी! क्षेत्रफळाला अणुवाल्यांचं एकक बार्न, १०⁻²⁸ चौरस मीटर. १९४२ साली अमेरिकेत विनोदाने पडलेलं नाव, बार्न म्हणजे शेतावरचं कोठार. गुंठ्यात किती? एकावर तीस शून्यं. झालं रूपांतर.

पण प्रोटॉनने साखळी मोजायची तर? जुन्या मोजणीत प्रोटॉनची त्रिज्या ०.८७७ फर्मी धरत. २०१० साली इलेक्ट्रॉनच्या जागी त्याचा जड भाऊ म्युऑन बसवलेल्या हायड्रोजनवर मोजली, ती ०.८४२ भरली. चार टक्क्यांचा फरक, वर्षानुवर्षं वाद. आमची गंजकी साखळी दीड टक्का चुकली होती.

घंटा झाली. अध्यक्ष महाराज, तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ हे दीड टक्के वहीत टिपून घेतायत, त्यांचं होऊ द्या, मग उतरतो.