यान उडतं, रांग तशीच

मित्रहो, 2020 साली यूट्यूबवर 'बर्चपंक' नावाच्या रशियन वाहिनीने एक छोटी फिल्म टाकली. दिग्दर्शक सर्गेई वासिल्येव. निकोलाय नावाचा शेतकरी कॅमेऱ्यासमोर उभा राहून आपली शेती दाखवतो. शेतात राबायला रोबो आहेत, वाहनं हवेत तरंगतात. पण घरं जुन्याच धाटणीची लाकडी आणि यंत्रांना गंज चढलेला. लाखो लोकांनी ती पाहिली. पुढे 2023 मध्ये 'किनोपोइस्क' या रशियन मंचावर तिची मोठी मालिका झाली: 'किबेरद्येरेव्न्या', म्हणजे सायबरगाव.

बघणारा पोट धरून हसतो. पण निव्वळ गंमत म्हणून ती सोडून देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. कारण रशियात भविष्य म्हणजे काही लेखकांची हौस नव्हती, ते सरकारने लेखी दिलेलं आश्वासन होतं. 12 एप्रिल 1961 ला गागारिन अंतराळात जाऊन आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत नेता ख्रुश्चेवच्या कम्युनिस्ट पक्षाने 22 व्या अधिवेशनात नवा कार्यक्रम मंजूर केला. 1980 पर्यंत घरभाडं नाही, शहरातल्या बसला तिकीट नाही, आजची पिढी साम्यवादात जगेल, असं त्यात छापलेलं होतं. हे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी माणसं एकेका स्वयंपाकघरात चार-पाच बिऱ्हाडं अशा सामाईक घरांत राहत होती. सकाळी संडासाला रांग, दुपारी दुकानापुढे रांग. 1980 उजाडलं तेव्हा मॉस्कोत ऑलिंपिक झालं. साम्यवादाच्या जागी ऑलिंपिक मिळालं, असा विनोद लोक एकमेकांना सांगू लागले. अंतराळयान खरं होतं आणि रांगही खरी होती. रशियन विज्ञानकथेतलं उपरोधिक हसू या दोन खऱ्या गोष्टींच्या मधे उगवतं.

गिओर्गी दानेलियांचा 1986 सालचा 'किन-द्झा-द्झा!' हा चित्रपट घ्या. मॉस्कोतल्या मुकादमाला बायको पाव आणि मॅकरोनी आणायला पाठवते. रस्त्यात एक गबाळा माणूस भेटतो, त्याच्या हातातल्या यंत्राचं बटण दाबलं जातं, आणि हा मुकादम एका विद्यार्थ्यासकट दुसऱ्या आकाशगंगेतल्या वाळवंटी ग्रहावर जाऊन पडतो. तिथले लोक दुसऱ्याच्या मनातलं ओळखू शकतात, त्यांची यानं आकाशगंगा ओलांडतात. पण ती यानं गंजक्या पिंपासारखी दिसतात, आणि कुणापुढे किती वाकायचं हे समोरच्याच्या विजारीच्या रंगावरून ठरतं. सगळ्यात मोलाची वस्तू कोणती? काडेपेटीतली काडी. खिशातल्या साध्या काडेपेटीकडे ते परग्रहवासी डोळे विस्फारून पाहतात, तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहतो. टंचाईत वाढलेल्या प्रेक्षकाला तिथे काही समजावून सांगावं लागत नव्हतं. साबण, साखर, चांगले बूट, काय कधी दुर्मिळ होईल याचा नेम नाही, हे तो रोज भोगत होता. सायबरगावातला गंज मला या ग्रहावरून आलेला वाटतो.

पण या विषयावर बोलताना मला सर्वात जवळचा माणूस आहे लेखक व्लादिमीर वोइनोविच. 1960 साली तो रेडिओवर नोकरी करत होता, तेव्हा त्याने अंतराळवीरांसाठी एक गाणं लिहिलं, उड्डाणाला चौदा मिनिटं उरली आहेत अशा आशयाचं. 1962 मध्ये दोन अंतराळवीरांनी कक्षेत फिरताना ते गायलं, आणि त्यांच्या स्वागतसभेत खुद्द ख्रुश्चेवने त्याच्या ओळी म्हटल्या. राज्याच्या भविष्याचं गाणं लिहिणारा हा कवी! याच माणसाला 1974 मध्ये लेखक संघातून काढलं, 1980 च्या अखेरीस देश सोडावा लागला, पुढच्या वर्षी नागरिकत्वही गेलं. म्युनिकला राहून त्याने 'मॉस्को 2042' लिहिली.

त्या कादंबरीत साम्यवाद आलेला आहे, पण फक्त मॉस्कोपुरता, कुंपणाच्या आत. जेवायचं असेल तर आधी स्वतःचं मलमूत्र, म्हणजे 'दुय्यम उत्पादन', जमा करायचं आणि त्याचा दाखला घेऊन भोजनालयात जायचं. पक्ष आणि गुप्त पोलीस एकच झालेत. धर्मगुरूला मेजर जनरलचा हुद्दा आहे. 1986 साली हे छापलं गेलं तेव्हा सोव्हिएत संघात चर्चला जेमतेम श्वास घेता येत होता. चर्च, पक्ष आणि गुप्तहेर खातं एका टेबलाशी बसतील, हे या माणसाला तेव्हा दिसलं! त्याची ही नजर मला यंत्रांच्या कुठल्याही भाकितापेक्षा मोठी वाटते. 1990 मध्ये त्याला नागरिकत्व परत मिळालं, आणि 2018 मध्ये तो गेला.

या कसोटीवर सायबरगाव कुठे बसतं? माझं त्या मालिकेवर प्रेम आहे. 2010 च्या जनगणनेत रशियातल्या दीड लाखावर खेड्यांपैकी 19 हजारांहून अधिक खेड्यांत एकही माणूस उरलेला नव्हता. अशा देशात विज्ञानकथेचा नायक खेड्यातला शेतकरी करणं, आणि त्याला खुळा न ठरवता हरहुन्नरी दाखवणं, हे फार मोठं काम आहे. पण वोइनोविच सत्तेच्या गळ्याला हात घालतो, तसा हात इथे पडत नाही. गंजावर, जुनाट घरांवर हसता हसता ती गरिबी गोड वाटू लागते, आणि हे मला खटकतं. दिग्दर्शकाच्या माथी सगळा दोष मारणंही बरोबर नाही. मार्च 2022 मध्ये झालेल्या कायद्याने सैन्याबद्दल 'खोटी माहिती' दिली तर पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद झाली आहे. त्याच्या पुढच्या वर्षी आलेली ही मालिका आहे. ती काय बोलते यासोबत कशाबद्दल बोलत नाही हेही ध्यानात ठेवून पाहा.

पाहायला बसाल तेव्हा 'किन-द्झा-द्झा!' आधी आणि सायबरगाव नंतर, या क्रमाने बसा. मुकादमाला पाव आणि मॅकरोनीसाठी घराबाहेर पाठवणारी सुरुवात अजिबात चुकवू नका. उरलेला सगळा सिनेमा त्या पिशवीभर सामानावर उभा आहे.