शेवटच्या खंडातलं संत्रं

(पडद्यावर फक्त एक संत्रं.)

हे संत्रं नीट बघून ठेवा. 'शामान किंग' या जपानी मांगाचा, म्हणजे चित्रकथेचा, ३२वा, म्हणजे शेवटचा खंड वाचकांनी उघडला, तेव्हा त्यात शेवटी हे होतं. संत्र्याला जपानीत म्हणतात 'मिकान'. आणि अगदी हाच उच्चार असलेला दुसरा एक शब्द आहे, त्याचा अर्थ 'अपूर्ण'.

सहा वर्षं वाट पाहिलेल्यांच्या हाती चित्रकार हिरोयुकी ताकेई यांनी ही शाब्दिक कोटी ठेवली होती.

(अंकांची चळत. पानं उलटल्याचा आवाज.)

१९९८ साली साप्ताहिक 'शोनेन जंप'मध्ये ही कथा सुरू झाली. दर पाचशे वर्षांनी आत्म्यांशी बोलणाऱ्यांची स्पर्धा भरते, जिंकेल तो शामानांचा राजा. नायक आसाकुरा यो, हेडफोन घालून निवांत फिरणारा आळशी पोरगा. समोर हाओ, हजार वर्षांत तिसऱ्यांदा जन्म घेतलेला, माणसांची जातच पुसून टाकायला निघालेला. २८५ भाग झाले. २००४मध्ये गोष्ट हाओच्या दाराशी पोचली आणि तिथेच थांबली. ज्या गाठीसाठी एवढा प्रवास केला, ती पानावर उतरलीच नाही.

'शोनेन जंप'च्या अंकात एक कार्ड असायचं. आवडलेल्या तीन मालिका लिहा आणि टपालात टाका. कोणती मालिका जगणार, हे बरंचसं त्या मतांवर ठरायचं. कित्येक नव्या मालिका काही महिन्यांतच गाशा गुंडाळतात, आणि वाचक चार दिवस हळहळून पुढे जातो. जुन्या मालिकेचं तसं होत नाही. तिच्या दुखण्याची चाहूल आधीच लागते. अंकात ती मागे मागे सरकते. एरवी महिनाभर चालणारी लढाई चार पानांत उरकते. पात्रं घाईघाईने एकमेकांना सगळं समजावून सांगू लागतात. आपण ओळखतो, तरी पुढच्या आठवड्याचा अंक घेतोच.

'शामान किंग'च्या बाबतीत कोणी कार्डांना दोष देतं, कोणी चित्रकाराच्या थकव्याला. राग काढायला कोणीतरी लागतंच.

(एक चढण. वर आभाळ.)

'अपूर्ण' हा शब्द याआधीही गाजला होता. मासामी कुरुमादा यांची 'ओतोको झाका' ही मांगामालिका १९८४मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी बंद पडली. शेवटच्या चित्रात नायक चढण चढतोय आणि वर भल्यामोठ्या अक्षरांत तोच शब्द. लोकांनी त्यावर वर्षानुवर्षं विनोद केले. मला मात्र तो प्रामाणिक वाटतो. 'आमची खरी लढाई आता सुरू होते' असं म्हणत मावळतीकडे धावत सुटणाऱ्या नायकांपेक्षा तर नक्कीच. २०१४मध्ये कुरुमादांनी ती चढण पुन्हा चढायला घेतली.

ताकेईंच्या वाचकांना त्या मानाने लवकर मिळालं. २००८पासून २७ खंडांची संपूर्ण आवृत्ती निघाली, आणि त्यात राहिलेला शेवट नव्याने काढलेला होता.

ज्यांनी वाचलेलं नाही, त्यांनी आता कान झाकावेत.

इतकी वर्षं मनात जी लढाई रंगवली होती, ती तिथेही नाही. हाओला त्याची आई भेटते. हजार वर्षांपूर्वी माणसांनीच मारलेली आई. त्याचा सगळा राग तिथून सुरू झालेला.

२००४च्या घाईत हे चार पानांत कसं बसलं असतं?

(पुन्हा संत्रं. हळूहळू अंधार.)