पुस्तक इतक्यात माळ्यावर टाकू नका

(परीक्षा संपल्यानंतरच्या आठवड्यात विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आणि पहिल्या दोन रांगांत आणून बसवलेल्या मुलांनो,

'बसवलेल्या' हा शब्द मुद्दाम वापरला. आपखुशीने येणारा श्रोता नेहमी मागे बसतो, दाराजवळ. पुढे बसतात ते आणलेले. परवा तुमचा शेवटचा पेपर झाला आणि आज पुन्हा तुमच्यासमोर फळा, याबद्दल मी आधीच माफी मागतो. हजेरी घेणार नाही. प्रश्न मी विचारणार नाही, तुम्ही विचारायचे.

व्याख्यानाचं जाहीर झालेलं नाव आहे 'विज्ञानातील थक्क करणारे विषय'. नाव संयोजकांनी दिलं, मी फोनवर हो म्हणून बसलो. पण 'थक्क' या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. थक्क झालेला माणूस काय करतो? तोंड उघडं ठेवतो आणि तसंच राहू देतो. प्रश्न विचारायचा तर ते हलवावं लागतं. हल्ली विज्ञान सांगायचं म्हणजे आधी आकड्यापुढे शून्यं लावायची, मग पार्श्वभूमीला गंभीर संगीत. ऐकणारा 'बापरे' म्हणतो आणि पुढच्या बापरेकडे वळतो. असे चाळीस बापरे झाले की सुट्टी संपते.

तरीही जाहीर केलंय ते मी पाळणार. कृष्णविवराचं, म्हणजे ज्यातून प्रकाशही बाहेर निसटू शकत नाही त्या वस्तूचं, एक गणित आज या फळ्यावर करून दाखवायचं आहे. तुम्ही परवाच सोडवलेल्या पेपरातल्या गणितापेक्षा ते अवघड नाही. त्याला वीस मिनिटं लागतील, ती मी शेवटी राखून ठेवली आहेत.

मागच्या आठवड्यात ओळखीतला एक दहावीचा मुलगा भेटायला आला. हातात यादी. कृष्णविवरं, क्वांटम, काळातला प्रवास, समांतर विश्वं, परग्रहावरचे जीव. शेवटी कंसात 'वेळ उरल्यास मेंदू'. म्हणाला, "सर, परीक्षा संपली. आता खरं विज्ञान वाचायचंय. कुठून सुरू करू?" मी विचारलं, "विज्ञानाचं पुस्तक कुठे आहे?" तो म्हणाला, "ते माळ्यावर टाकलं." अशा सुरात, की जणू काही मी उतरवून ठेवलेल्या प्लास्टरची चौकशी करत होतो.

त्याला मी दोष देत नाही. हे कुंपण त्याने घातलेलं नाही, आम्ही घातलंय. मी आठवीत असताना वर्गात विचारलं होतं, की सगळं खाली पडतं तर चंद्र का पडत नाही? आमच्या शिक्षकांनी (त्यांचं नाव घेत नाही, बाकी माणूस प्रेमळ होता) खडू खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे परीक्षेला नाही." वर्ग हसला, मी बसलो. चंद्र पडतोच आहे, पडता पडता बाजूलाही सरकतो आहे म्हणून चुकतो आहे, हे कळायला मला पुढे पाच वर्षं लागली. वर्गात ते पाच मिनिटांत झालं असतं. राग प्रश्नाचं उत्तर न मिळाल्याचा नाही. त्या तीन शब्दांनी माझ्या डोक्यात एक भिंत घातली: इकडे परीक्षेचं विज्ञान, तिकडे गमतीचं. त्याच भिंतीच्या पलीकडून हा मुलगा आता म्हणतोय, की गमतीचं आहे ते पुस्तकात नसणार. भिंत तीच, फक्त तो दुसऱ्या बाजूला उभा आहे.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. माझ्या घरच्यांना ती तोंडपाठ आहे, तिथे बसलेल्या माझ्या पत्नीने आत्ताच डोळे मिटले.

साल १९६३. देश टांगानिका, म्हणजे आजचा टांझानिया. एरास्तो म्पेम्बा नावाचा शाळकरी मुलगा. त्याच्या शाळेत मुलं आईस्क्रीम करायची. दूध उकळायचं, साखर घालायची, निवू द्यायचं आणि मग फ्रीजमध्ये ठेवायचं. फ्रीजमध्ये जागा थोडी, मुलं फार. एका दिवशी दुसरा एक मुलगा दूध न उकळताच साखर घालून ठेवायला निघाला. म्पेम्बाने पाहिलं, आता निवेपर्यंत थांबलो तर जागा जाणार. त्याने उकळतं दूध तसंच आत सारलं. इथे जिज्ञासा वगैरे काही नव्हती, नंबर लावायची घाई होती. दीड तासाने पाहतो तर त्याचं गरम ठेवलेलं दूध गोठलेलं, आणि त्या दुसऱ्याचं अजून दाटसर पातळच.

त्याने शिक्षकांना विचारलं. ते म्हणाले, तुझा गोंधळ झाला असेल, असं होऊच शकत नाही. त्याने ते मान्य केलं. हा भाग मला फार आवडतो. आपल्याकडे चरित्रांतला नायक लगेच पेटून उठतो. म्पेम्बा गप्प बसला, शहाण्या मुलासारखा.

पुढे तो वरच्या शाळेत गेला. तिथे न्यूटनचा शीतलनाचा नियम शिकवायला घेतला. वस्तू आणि भोवतालच्या तापमानात फरक जितका जास्त तितकी ती लवकर निवते, हे तुम्हीही लिहून आला असाल. वर्गाने वहीत उतरवलं. म्पेम्बाच्या डोक्यात मात्र ते दूध होतं. गरम वस्तू वेगाने निवते हे ठीक, पण तिला थंड वस्तूच्या तापमानापर्यंत आधी यावं लागणार, आणि तोवर थंड वस्तू पुढे गेलेली असणार. नियमाप्रमाणे ती कधीच पुढे जाता कामा नये. मग दूध? त्याने पुन्हा विचारलं. शिक्षकांनी उत्तर दिलं ते असं, की हे म्पेम्बाचं भौतिकशास्त्र झालं, विश्वाचं नव्हे. त्यानंतर वर्गात त्याची कुठलीही चूक झाली की बाकीचे म्हणायचे, हे म्पेम्बाचं गणित. मुलांना अशी संधी आयती मिळाली तर ती सोडत नाहीत, कुठल्याही देशातली असोत.

मग एकदा विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे अध्यापक डेनिस ऑसबोर्न शाळेत व्याख्यानाला आले. शेवटी प्रश्न. म्पेम्बा उठला आणि म्हणाला, सारख्या भांड्यांत सारखं पाणी घेतलं, एक ३५ अंशांचं, एक १०० अंशांचं, आणि दोन्ही फ्रीजमध्ये ठेवली, तर १०० अंशांचं आधी गोठतं. असं का? मुलं हसली. ऑसबोर्न यांनाही ते खरं वाटलं नाही, पण त्यांनी 'परीक्षेला नाही' म्हटलं नाही. करून पाहतो, असं सांगून गेले. विद्यापीठात परतल्यावर त्यांनी प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला प्रयोग करायला लावला. तंत्रज्ञ परत येऊन सांगतो: गरम पाणीच आधी गोठलं, पण काळजी नको, बरोबर उत्तर येईपर्यंत आम्ही प्रयोग करत राहू!

(हशा)

हसलात ना? प्रयोगवहीत आधी उत्तर लिहून मग निरीक्षणं भरलेली मंडळी जरा जास्त हसली. मला आवाज ओळखता येतो.

१९६९ मध्ये म्पेम्बा आणि ऑसबोर्न या दोघांच्या नावावर शोधनिबंध आला आणि त्या प्रकाराला म्पेम्बा परिणाम असं नाव पडलं. गंमत म्हणजे गरम पाणी लवकर गोठतं हे ॲरिस्टॉटलनेही लिहून ठेवलं होतं. पण खरी मजा पुढे आहे. कारण काय? कुणी म्हणालं, गरम पाण्याची वाफ होऊन पाणीच कमी उरतं. कुणी म्हणालं, पाण्यात विरघळलेले वायू निघून जातात. कुणी म्हणालं, भांड्याखालचं हिम वितळून भांडं थंड पृष्ठभागाला नीट टेकतं. २०१२ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने सर्वोत्तम स्पष्टीकरणासाठी स्पर्धा ठेवली, तर सुमारे २२,००० उत्तरं आली. आणि २०१६ मध्ये बरिज आणि लिंडन या दोघांनी काळजीपूर्वक मोजून सांगितलं, की असा परिणाम आम्हाला दिसतच नाही. भांड्यात तापमापी सेंटिमीटरभर वरखाली झाली तरी निकाल फसवा निघतो.

म्हणजे म्पेम्बा चुकला? कदाचित. वाद पुरता मिटलेला नाही. मला कौतुक त्याच्या बरोबर असण्याचं नाही. पाठ केलेला नियम आणि डोळ्यांनी पाहिलेलं दूध त्याने शेजारी शेजारी ठेवलं. पुस्तक माळ्यावर असतं तर नुसतं लवकर गोठलेलं आईस्क्रीम उरलं असतं, आणि तेही कुणीतरी खाऊन टाकलं असतं. नियम माहीत होता म्हणून त्याला आश्चर्य वाटलं. नियमच माहीत नसलेल्याला सगळंच सारखं आश्चर्याचं असतं, म्हणजे कशाचंच नसतं.

यावरून आणखी एक... काय? चिठ्ठी आली आहे. 'सात मिनिटे.' खाली दोन रेघा मारल्या आहेत. सभागृह पुढच्या कार्यक्रमाला द्यायचं आहे म्हणे. वीस मिनिटं राखून ठेवली होती ती बहुधा फ्रीजमध्ये गेली. ठीक आहे, पळू या. वह्या नाहीत? मग डोक्यात घ्या.

मुक्तिवेग तुम्हाला माहीत आहे. पृथ्वीवरून वर फेकलेली वस्तू परत येऊ नये म्हणून लागणारा वेग सेकंदाला ११.२ किलोमीटर. सूत्र: दोन जीएम भागिले आर, त्याचं वर्गमूळ; जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक, एम वस्तुमान, आर त्रिज्या. सूर्याच्या पृष्ठभागावर तो येतो सुमारे ६१८ किलोमीटर. आता घनता तीच ठेवून सूर्य मोठा करत न्या. वस्तुमान त्रिज्येच्या घनाने वाढतं, सूत्रात आर ने एकदा भागलं की उरतो वर्ग, त्याचं वर्गमूळ म्हणजे नुसती त्रिज्या. मुक्तिवेग त्रिज्येच्या पटीत वाढतो. सूर्य ५०० पट रुंद केला तर ६१८ गुणिले ५००, म्हणजे ३,०९,०००. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३,००,०००. प्रकाशही निसटणार नाही! हा हिशेब जॉन मिशेल या इंग्रज धर्मगुरूने १७८३ साली मांडला. त्याच्याकडे होतं ते न्यूटनचं गुरुत्वाकर्षण, म्हणजे तुमचाच धडा.

आता उलट करा. मुक्तिवेगाच्या जागी प्रकाशाचा वेग सी घाला आणि आर काढा. आर बरोबर दोन जीएम भागिले सी वर्ग. वस्तू एवढ्या त्रिज्येत दाबली की ती कृष्णविवर. पृथ्वीसाठी ९ मिलिमीटर. सूर्यासाठी ३ किलोमीटर. १९१६ मध्ये कार्ल श्वार्झशिल्ड यांनी आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून काढलेली त्रिज्या हीच. प्रामाणिकपणे सांगतो, हे जुळणं बरंचसं नशीब आहे. न्यूटनच्या हिशेबात प्रकाश थोडा वर जाऊन परत येतो, आइन्स्टाइनच्या हिशेबात त्याला बाहेरच्या दिशेने सरकताच येत नाही. चित्र वेगळं, आकडा एक. याच्यावर वीस मिनिटांतली दहा घालवायची होती.

पुढे. सूत्रात त्रिज्या वस्तुमानाच्या सरळ पटीत आहे. वस्तुमान दुप्पट, त्रिज्या दुप्पट, घनफळ आठपट, म्हणून घनता पाव. जेवढं अजस्र कृष्णविवर, तेवढं विरळ! १० एप्रिल २०१९ ला ज्याचं छायाचित्र जगाने पाहिलं ते एम ८७ दीर्घिकेतलं कृष्णविवर सुमारे ६५० कोटी सूर्यांचं आहे. प्रत्येक सूर्याला ३ किलोमीटर, म्हणजे त्रिज्या १,९५० कोटी किलोमीटर. नेपच्यूनची कक्षा ४५० कोटींची, ती आत चार वेळा बसेल. साध्या गोलाचं घनफळ धरून सरासरी घनता काढा: घनमीटरला अर्धा किलोसुद्धा नाही. या खोलीतल्या हवेची आहे सव्वा किलोच्या आसपास. छायाचित्र बघून सगळे थक्क झाले. हा भागाकार किती जणांनी केला?

दिवे लुकलुकवू नका हो, एकच राहिलं. आत पडताना माणूस ताणला जातो असं तुम्ही ऐकलंय, कारण पायांवरची ओढ डोक्यापेक्षा जास्त. उंचीच्या दर मीटरमागे या ताणाचं सूत्र दोन जीएम भागिले आर घन. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराच्या सीमेवर, म्हणजे त्या ३ किलोमीटरवर, हा ताण तुमच्या चिंध्या करेल. एम ८७ च्या सीमेवर मात्र तो पृथ्वीवर नुसतं उभं राहताना असतो त्याच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी येतो. आकडे घरी घालून बघा, माझी चूक सापडली तर कळवा.

(दुसऱ्या रांगेतून एका मुलीचा प्रश्न: मग आपण आत गेलो हे कळणार कसं?)

ताणावरून कळणार नाही. तिथे भिंत नाही, पाटी नाही, धक्का नाही.

(तीच मुलगी: म्हणजे परत फिरायला गेल्यावरच?)

हो. तेव्हाच.